ऊस आमचा, मगर त्यांची

साखर विकायला मगर कशाला लागते, हा प्रश्न आमच्या अंबडमध्ये सहसा कुणाला पडत नाही. इथे साखर विकावी लागतच नाही; ती असतेच. तालुक्यात अंकुशनगरला समर्थ कारखाना आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आहे, आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे एकदा गाडी सापडली की हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो. पोरं मागच्या ट्रॉलीतून कांडं ओढतात, ड्रायव्हर आरशात बघून न बघितल्यासारखं करतो. गोडाची जाहिरात म्हणाल तर एवढीच. तरीही काही वर्षांपूर्वी टीव्हीवर काजोलच्या हातातली अल्पेनलिबे बघून हावरटपणे मागे लागणारी एक मगर आली आणि आमच्या घरातल्या साखरेची पत एका रात्रीत उतरली.

माझी मुलगी तेव्हा लहान होती. देवापुढची खडीसाखर हातावर ठेवली तर ती परत करायची. "पप्पा, ही नाही. मगरीची पाहिजे." मी मास्तर माणूस. समजावून सांगितलं की मगरीची गोळी म्हणजे शेवटी साखरच, वर थोडं दूध. त्यावर तिनं विचारलं, "मग मगर आपल्या घरी साखर मागायला का येत नाही?" या प्रश्नाला साखर आयुक्तालयाकडे तरी उत्तर असेल की नाही, शंकाच आहे.

कारखान्यातून साखर निघते तेव्हा तिला चेहरा नसतो. 50 किलोचं पोतं, त्यावर कारखान्याचं नाव, हंगाम आणि दाण्याची प्रत: एस नाही तर एम. पुढे ती कुठल्या तरी दूरच्या शेडमध्ये मक्याच्या ग्लुकोजबरोबर शिजते, 150 अंशांच्या आसपास तापून काचेसारखी होते, रंग-वास-आंबटपणा लेते, कागदात गुंडाळली जाते आणि जालन्याच्या होलसेलवाल्याकडून परत अंबडला येते. येताना मात्र तिच्यावर कुणीतरी स्वार झालेलं असतं. मगर, ससा, मुखवटा घातलेला पैलवान. शेतकऱ्याला भाव मिळतो तो उसाचा. वर बसलेल्याचा भाव वेगळा असतो आणि त्याचं आंदोलन कधी झाल्याचं ऐकिवात नाही.

ही स्वारी करणारी मंडळी कधीपासून आली, याचा शोध घेतला तर पहिल्या मानकऱ्यांत एक अस्वल निघतं. जर्मनीतल्या बॉन शहरात हान्स रीगल नावाच्या माणसानं 1920 साली हारिबो ही कंपनी काढली आणि 1922 मध्ये जत्रेत नाचणाऱ्या अस्वलावरून अस्वलाच्या आकाराची चिवट गोळी तयार केली. शंभर वर्षं उलटली तरी ते अस्वल अजून पोरांच्या तोंडात नाचतंय. हे वाचलं आणि मी जरा खट्टू झालो. कारण जत्रेतलं अस्वल आमच्याकडेही होतं की! दरवेशी त्याला दोरीला बांधून गल्लीतून फिरवायचा, डमरू वाजवायचा, दोन पायांवर उभं करायचा. पण त्याच्यापासून गोळी करावी, असं आमच्या एकाही व्यापाऱ्याच्या डोक्यात आलं नाही. आम्ही त्याचा केस विकत घेतला आणि ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधला, भीती वाटू नये म्हणून. एकाच प्राण्यापासून जर्मनांनी धंदा काढला आणि आम्ही संरक्षण खातं. आता कायद्यानं अस्वलाचा नाच बंद झाला, ते योग्यच झालं, ताईतही गेले. हारिबोचं अस्वल तेवढं उरलं, कारण त्याला दोरी नव्हती.

दुसरी गंमत शांघायची. तिथल्या एबीसी नावाच्या कारखान्यानं 1943 मध्ये दुधाची गोळी काढली आणि वेष्टनावर कुणाला बसवलं? मिकी माउसला. पुढे राज्य बदललं, कारखाना सरकारी झाला आणि सरकारी गोळीवर परदेशी उंदीर कसा चालेल, म्हणून त्याला उठवून त्या जागी पांढरा ससा आणला. तीच ती व्हाइट रॅबिट. आत तांदळाचा पातळ कागद असतो, तोही खाता येतो. गोळी तीच, दूध तेच, फक्त वरचा माणूस बदलला, तोही पक्षाच्या धोरणानुसार. आपल्याकडे बाजार समितीत याहून वेगळं काय होतं?

अमेरिकेत घुबडाच्या वाट्यालाही गोळी आली. टुटसी पॉपच्या जाहिरातीत एक मुलगा शहाण्या घुबडाला विचारतो, लॉलीपॉप किती वेळा चाटलं म्हणजे मधल्या भागापर्यंत पोहोचता येतं? घुबड मोजायला लागतं आणि तीनपर्यंत आलं की धीर सुटून कडकन चावतं. 1970 च्या सुमाराची ही जाहिरात तिकडे पुढे अनेक वर्षं चालली. अंबडमध्ये ती पहिल्याच दिवशी आपटली असती. घुबडाचं चित्र असलेली वस्तू आमच्या आजीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती, आणि पोरानं आणलीच असती तर गोळी गटारात आणि पोराची दृष्ट काढली गेली असती.

पण या चित्रांना माणसं किती मनाला लावून घेतात, हे बघायचं तर एम अँड एम्सचा किस्सा ऐकावा. रंगीत कवचाच्या या चॉकलेट-गोळ्या 1941 पासूनच्या. त्यांना हातपाय आणि डोळे 1954 मध्ये फुटले. त्यांतली हिरवी गोळी उंच टाचांचे बूट घालायची. जानेवारी 2022 मध्ये कंपनीनं तिला साधे कॅनव्हासचे बूट दिले. झालं! टीव्हीवरच्या मोठमोठ्या चर्चकांनी यावर रान उठवलं. पोक्त माणसं सूटबूट घालून गोळीच्या चपलेवर बोलत होती. पुढच्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं की या गोळ्यांना आम्ही अनिश्चित काळासाठी रजेवर पाठवतोय. आणि काही आठवड्यांत फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या वेळी त्यांना परत कामावर घेतलं. सगळा मामला प्रसिद्धीचा होता, हे ज्याच्या त्याच्या लक्षात आलं, पण तोपर्यंत प्रसिद्धी होऊन गेली होती. शिक्षकांच्या बदल्यांचा निर्णय घेणाऱ्यांनी यातून बरंच शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडची गोष्ट जरा उशिरा सुरू होते, आणि सुरू होते ती बिनचेहऱ्यानं. मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 मध्ये मुंबईच्या विलेपार्ल्यात जो कारखाना काढला, तिथे आधी गोळ्या झाल्या, बिस्किटं दहाएक वर्षांनी आली. संत्र्याच्या स्वादाच्या त्या गोळ्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. पार्लेचा जगप्रसिद्ध चेहरा पुढे बिस्किटाच्या पुड्यावर आला: कपाळावर केस, एक हात वर केलेली ती मुलगी. 1960 च्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेच्या मगनलाल दैया यांनी ती काढली. ती कुणाचा फोटो नाही, कल्पनेतलं चित्र आहे, असं कंपनीनं अनेकदा सांगून झालं. तरी दर वर्षी व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी आजींचा फोटो फिरतोच की हीच ती पार्लेची मुलगी, आता पासष्ट वर्षांची. आपल्याला ती मुलगी खरी हवी असते. दैया हे नाव मात्र कुणाला नको असतं. आमच्या गल्लीत विचारा, मुलगी शंभर टक्के ओळखतील, चित्रकार एकही नाही.

त्या काळी अंबडच्या पोराला जाहिरात भेटायची ती टीव्हीवर नव्हेच. विविधभारतीवर 1967 पासून जाहिराती लागायला लागल्या, पण त्यात चित्र कुठून असणार? दूरदर्शननं 1976 पासून जाहिराती घेतल्या. अंबडच्या घराघरांत टीव्ही यायला त्यानंतरही बराच काळ गेला. आमचं प्रदर्शन भरायचं ते किराणा दुकानाच्या फळीवर. काचेच्या बरण्या ओळीनं, झाकणांना गंज, आत लिमलेट, पेपरमिंट, श्रीखंडाच्या गोळ्या, चिंचगोळ्या. दुकानदार बरणी तिरकी करून आत हात घालायचा तेव्हा कोपरापर्यंत साखरेची पिठी लागायची आणि तो ती धोतराला पुसायचा. कागदात गुंडाळलेली गोळी मिळाली तर तो सणच. आतली चांदी काढायची, नखानं पुस्तकावर घासून गुळगुळीत करायची, वही उघडली की चमकेल अशी ठेवायची. रंगीत पारदर्शक कागद असेल तर डोळ्यांना लावून मत्स्योदरीचा डोंगर लाल बघायचा, मग हिरवा. गोळी तोपर्यंत संपलेली असायची, पण पैसे वसूल व्हायला अजून आठवडा शिल्लक असायचा.

अशा त्या फळीवर एक दिवस वेताळ आला. इंद्रजाल कॉमिक्समधला तोच तो वेताळ, ली फॉकचा फँटम, 1936 साली अमेरिकेत जन्मलेला आणि 1964 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून आपल्याकडे राबायला लागलेला. ही कॉमिक्स मराठीतही निघायची आणि अंबडला एक अंक आला की तो वीस हातांतून फिरून मुखपृष्ठाशिवाय मूळ मालकाकडे परत जायचा. त्या वेताळाला नागपूरच्या हारनिक कंपनीनं काम दिलं ते पेपरमिंटच्या सिगारेटी विकायचं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यावर वेताळ, आत खडूसारख्या पांढऱ्या कांड्या, टोकाला लाल ठिपका, म्हणजे पेटवलेली.

आता वेताळाचं चरित्र ज्यानं वाचलंय त्याला हसू येईल. हा गृहस्थ दारूच्या गुत्त्यात शिरतो, समोर दहा गुंड असतात, आणि काउंटरवर जाऊन मागवतो काय, तर दूध! असा निर्व्यसनी माणूस, चारशे वर्षांची घराण्याची परंपरा असलेला, कवटीच्या गुहेत राहणारा. त्याच्या तोंडी नव्हे पण डबीवर सिगारेट आली. कुणी त्याला विचारलं असेल असं वाटत नाही. आणि पोरांनाही या विसंगतीचं काही वाटलं नाही. डिसेंबरच्या सकाळी शाळेला जाताना तोंडातून वाफ निघायची, तिचा धूर करता यायचा, हे एक कारण पुरेसं होतं. दोन बोटांत कांडी धरायची, मान मागे टाकून वाफ सोडायची, ठिणगी झटकल्यासारखं करायचं आणि मग संयम संपून कांडी कटकन मोडून खायची. मास्तरांचा पोरगा चौकात सिगारेट ओढताना दिसला, ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली होती. वडिलांनी डबी हातात घेतली, वेताळाकडे बघितलं, एक कांडी चावून पाहिली आणि म्हणाले, "साखरच आहे." मग उरलेल्या आईच्या हवाली केल्या आणि मला दोन रट्टे दिले, म्हणजे न्याय झाला.

पुढे जग शहाणं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारात, 2003 साली जो झाला आणि ज्यावर भारताचीही सही आहे, तंबाखूच्या वस्तूंसारख्या दिसणाऱ्या गोळ्या आणि खेळणी मुलांना विकू नयेत, असं स्पष्ट कलम आहे. ते बरोबरच आहे. मी पुढे कधी सिगारेट ओढली नाही, पण त्याचं श्रेय वेताळाला द्यायचं की वडिलांच्या रट्ट्यांना, हे ठरवता येत नसल्यानं मी या विषयावर साक्ष द्यायला नको.

वेताळ हा बाहेरून आणलेला पाहुणा. घरचा म्हणावा असा हेर निघाला तो कॅडबरीचा. रंगीत गोळ्यांच्या जेम्ससाठी कंपनीनं एक गुप्तहेर तयार केला, जेम्स बाँड. इंग्रजी स्पेलिंग वेगळं, रत्नांचं. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकच, त्यामुळे अंबडच्या पोरांना त्यातला श्लेष कधी कळलाच नाही. त्यांना वाटलं, खरा जेम्स बाँडच चॉकलेट विकतो, सिनेमे जोडधंदा म्हणून करत असेल. मग एका उत्पादकानं तशाच निळ्या-जांभळ्या वेष्टनात खरोखरच 'जेम्स बाँड' नावानं गोळ्या काढल्या. कॅडबरी 2005 मध्ये कोर्टात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला जुलै 2022 मध्ये: 10 लाख रुपये नुकसानभरपाई, वर खर्च. सतरा वर्षं! दावा दाखल झाला तेव्हा जी पोरं जेम्स खात होती, ती निकालापर्यंत नोकरीला लागून मधुमेहाची तपासणी करून घ्यायला लागली असतील. निकालपत्रात न्यायालयानं नमूद केलंय की जवळजवळ प्रत्येकाच्या बालपणाशी या गोळ्या जोडलेल्या आहेत. न्यायमूर्तींनाही बालपण असतं, हे वाचून बरं वाटलं. आठवडी बाजारात मात्र अजून जा. ओळखीच्या चेहऱ्यांचे जुळे भाऊ टोपल्या भरून बसलेले दिसतील. कुणाचा डोळा मोठा, कुणाची टोपी उलटी. त्यांच्यापर्यंत उच्च न्यायालयाचा हात पोहोचायला अंबडचा रस्ता आधी चौपदरी व्हावा लागेल.

या सगळ्या गर्दीत एक नाव मला मुद्दाम घ्यायचंय, कारण त्याला चेहराच नव्हता. रावळगाव. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंदांनी 1933 मध्ये तिथे माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि 1942 पासून त्याच आवारात गोळ्या व्हायला लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी त्यांचीच. म्हणजे बघा, जे अंबडला व्हायला हवं होतं ते तिथे झालं: ऊस तिथला, साखर तिथली, गोळीही तिथलीच. अशी गोळी विकायला त्यांनी ना मगर आणली ना ससा. कागदावर गावाचं नाव छापलं, बस्स. मराठी माणसाचा खाक्या! आमचं नाव वाचा, चव घ्या, पटलं तर परत या, नाही पटलं तर राहू द्या. तोंडपुजेपणा होणार नाही. चितळ्यांच्या दुकानातल्या वेळापत्रकाच्या जातकुळीचा हा ताठा आहे.

आणि लोक परत येतही होते, खूप वर्षं. एसटीत उलटी होऊ नये म्हणून आई पर्समध्ये रावळगाव ठेवायची, बारशाला ताटलीत रावळगाव असायची, पाहुणे मुलगी बघायला आले की पोह्यांनंतर रावळगाव फिरायची. फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी आली: रावळगावची व्यापारचिन्हं, पाककृती, सगळे हक्क रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतले. गाव जागेवरच आहे, नाव तेवढं विकलं गेलं. माझ्या मनात तेव्हा एक दुष्ट विचार आला. त्या नावावर एखादा गुबगुबीत बोका, फेटेवाला पोपट, निदान एखादी मिशाळ मुंगी बसवलेली असती, तर भाव वाढला असता का? एक मन म्हणतं, नक्की. दुसरं मन पल्सकडे बोट दाखवतं. 2015 ची ती कैरीची गोळी, आत मिठाची पूड. तिच्यावर ना प्राणी ना पक्षी, सुरुवातीला धड जाहिरातही नव्हती, आणि आठ महिन्यांत 100 कोटींची विक्री झाल्याच्या बातम्या छापून आल्या. तेव्हा चेहरा नसल्यानं रावळगाव मागे पडली, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. नव्या पोरांच्या जिभेवर तिनं पुन्हा जाऊन बसायचं राहून गेलं, हे जास्त खरं. मगर हे काम चोवीस तास करते आणि पगार मागत नाही.

तरीही आमच्याकडे गोडाला चेहरा नव्हताच असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. म्हातारीचे केस घ्या. त्या म्हातारीचं चित्र कुणी काढलेलं नाही, पण प्रत्येक पोरानं आपापली म्हातारी मनात धरलेली असते. माझी आमच्या वाड्यातल्या एका आजींसारखी दिसायची, त्यामुळे मी बरीच वर्षं ते खायला कचरत होतो. संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेलं बाळ म्हणजे तर साखरेची चालती जाहिरातच. आणि सगळ्यांवर कडी होती ती यात्रेतल्या बाहुलीवाल्याची.

मत्स्योदरीची यात्रा भरते नवरात्रात. देवीचा डोंगरच माशाच्या आकाराचा, म्हणून मत्स्योदरी. म्हणजे आमच्या गावानं आपलं बोधचिन्ह कुठल्या संस्थेकडून काढून घेतलं नाही, ते आधी होतं आणि गाव नंतर वसलं. डोंगराच्या पायथ्याशी पाळणे, बांगड्या, बत्ताशांच्या राशी. त्यातून तो यायचा, खांद्यावर माणसाहून उंच बांबू घेऊन. बांबूच्या टोकाला बाहुली: झिरमिळ्यांचा फ्रॉक, गळ्यात मणी, ओठ लालभडक, हातात छोट्या झांजा. खाली दोरी. त्यानं दोरी ओढली की बाहुली टाळ्या वाजवायची, छन् छन्. तिच्या पायाखाली बांबूला गुंडाळलेला साखरेचा जाड लगदा, पांढऱ्यावर गुलाबी पट्टे, वर प्लास्टिक, माश्या बसू नयेत म्हणून. माश्या बसायच्याच.

पैसे दिले की तो विचारायचा, "काय पाहिजे? मोर का घड्याळ?" बहुतेक पोरं घड्याळ म्हणायची, कारण खरं घड्याळ मॅट्रिक झाल्याशिवाय मिळायचं नाही. मग त्याची बोटं चालायची. लगद्यातून सुतळीएवढी तार ओढायची, चपटी करायची, मनगटाला पट्टा, वर गोल तबकडी, तबकडीला बारीकशी चावी, पट्टा दाबून चिकटवला की झालं. वरचा उरलेला तुकडा पोराच्या गालाला टिकलीसारखा लावायचा. तो वरकड, फुकट. पोरगं तसंच गालाला साखर लावून यात्रा हिंडायचं, मनगट वर धरून, आणि भेटेल त्याला वेळ सांगायचं. तासाभरात पट्टा सैल व्हायचा, धूळ बसायची, मग चाटायला सुरुवात. आधी तबकडी खायची की पट्टा, यावर भावंडांत मतभेद असायचे.

आता विचार करा. बोधचिन्ह आहे, तेही हलणारं आणि आवाज करणारं. माल समोर तयार होतो. गिऱ्हाइकाच्या पसंतीनुसार आकार. मालाबरोबर मोफत भेट. आणि प्रत्येक गिऱ्हाईक गालावर छाप घेऊन फिरतं, म्हणजे पुढची जाहिरात तेच करतं. हे सगळं एक माणूस एका बांबूवर सांभाळत होता. मुंबईच्या जाहिरात संस्थांनी काचेच्या इमारतीत बसून याहून जास्त काय शोधून काढलं, मला सांगा. फक्त त्याची बाहुली नोंदणीकृत नव्हती. ती कुठेही कुणाच्याही बांबूवर बसू शकायची. त्यामुळे ती कधी कोर्टात गेली नाही आणि 27 कोटींना विकलीही गेली नाही.

हल्ली या बसलेल्या मंडळींवर सरकारची नजर आहे. चिली देशानं 2016 पासून जास्त साखरेच्या वस्तूंच्या वेष्टनावर पोरांना भुलवणारी चित्रं छापायलाच बंदी केली. तिथे वाघ-सिंह सगळे डब्यांवरून उतरले. आपल्याकडे 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. नियम उत्तम आहे, मी त्याच्या बाजूचा आहे; दातांच्या डॉक्टरकडे नातवाला घेऊन बसलेला माणूस दुसऱ्या बाजूचा कसा असेल? अडचण एवढीच की फाटकासमोरच्या टपरीवाल्याचा पोरगा त्याच शाळेत असतो, आणि अंतर मोजायचं म्हटलं तर टेप खेळाच्या सरांकडे, आणि खेळाचे सर निवडणुकीच्या कामावर.

पण मंडळींना खरा धक्का नियमानं नाही दिला. तो दिला मोबाइलनं. मधली कितीतरी वर्षं ही मगर, ही कैरी, ही सगळी मंडळी आमच्याकडे चलन म्हणून फिरत होती. 2011 मध्ये चार आणे कायद्यानं बाद झाले, आठ आणे न सांगताच गेले, आणि दुकानदार म्हणायला लागला, "सर, रुपया सुट्टा नाही. चाकलेट घ्या." घेतलं नाही तर तुम्ही कंजूष, आणि तेच चाकलेट परत त्याला रुपया म्हणून दिलं तर तुम्ही विक्षिप्त. मी एकदा सात गोळ्या जमवून काडेपेट्यांचे पैसे म्हणून पुढे केल्या होत्या. दुकानदारानं गोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही रिटायर झाल्यापासून फार बदलले." आता काउंटरवर क्यूआर कोडची पाटी आहे. 47 रुपये झाले की 47 जातात. सुट्ट्याचा प्रश्न येत नाही, म्हणून गोळीही येत नाही. बरणी शेजारीच उभी आहे, पण तिच्यात हात घालायचं निमित्त गेलं.

दुकानात गोळ्या कमी खपतात, असं दुकानदारच परवा सांगत होता. नातू मात्र अजून मागतो, आणि मागताना चवीचं नाव घेत नाही, चित्राचंच घेतो. त्याच्यापुरता उतारा मला सापडलाय. नवरात्रात त्याला डोंगराच्या पायथ्याशी नेतो. बाहुलीवाला दर वर्षी येतोच असं नाही, आला तर पाळण्यांच्या मागच्या बाजूला उभा असतो. तुम्ही आलात आणि तो दिसला, तर पोराला मोर नको, घड्याळच घेऊन द्या. दात घासायला लावा. आणि खिशात दहा-वीसच्या नोटा असू द्या, कारण त्याच्या बांबूवर अजून क्यूआर कोड लागलेला नाही.